सरकारी योजना, अर्ज आणि यूएक्स डिझाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूएक्स (यूजर एक्सपीरियन्स) म्हणजे वेबसाइट देखणी आणि सोपी करणं. त्याचा धोरणाशी काय संबंध?

नागरिकाला धोरण कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो अर्ज, रांग, टोकन, झेरॉक्स, ओटीपी आणि ‘उद्या या’. शासन निर्णयात एक अट वाढली की अर्जात एक रकाना वाढतो, रकान्यामागे एक पुरावा येतो आणि पुराव्यामागे एक हेलपाटा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. विधवा अर्जदाराला वयाचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी पुरावा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला (किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव) लागतो. मृत्यू दाखला ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून, उत्पन्नाचा तहसीलमधून आणि त्याच्याही आधी तलाठ्याचा अहवाल. खात्याचं काम बँकेत. अटी चार, दारंही किमान चार. हा सगळा प्रवास म्हणजे त्या योजनेचा ‘वापरकर्ता अनुभव’. पोर्टलचा रंग निळा की केशरी, हा त्यातला अगदी शेवटचा मुद्दा.

रचनेतली छोटी गोष्ट किती महागात पडते, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीने वयस्कर मतदारांसाठी मतपत्रिकेवरचं अक्षर मोठं केलं. नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर टाकली आणि भोकं पाडायची पट्टी मध्ये ठेवली. डाव्या पानावर दुसरं नाव अल गोर यांचं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली, आणि गोर यांनी ते राज्य गमावलं फक्त ५३७ मतांनी. हेतू चांगला होता. ती पत्रिका हातात देऊन दहा आजी-आजोबांकडून आधी मत टाकून घेतलं असतं, तर घोटाळा तिथेच कळला असता.

मग डिझाइनरला बोलवायचं कधी?

शासन निर्णयाचा मसुदा फिरत असताना. ‘निर्णय झालाय, आता पंधरा दिवसांत पोर्टल द्या’ या टप्प्यावर फक्त बटणांची जागा बदलता येते. मसुद्यातल्या प्रत्येक अटीसमोर तीन गोष्टी लिहून बघा: ही अट अर्जात कोणत्या प्रश्नाने विचारणार, तिचा पुरावा कोण देतं, आणि तोच पुरावा सरकारकडे दुसऱ्या खात्यात आधीच आहे का. तिसऱ्या रकान्यात ‘हो’ आलं, तर तो कागद नागरिकाकडून मागू नये. मग मसुद्यावरून हाताने अर्ज तयार करा, ए-फोर कागदावर, आणि पाच जणांकडून भरून घ्या. एका संध्याकाळचं काम आहे. सही होण्याआधी ते झालं, तर नंतरची शुद्धिपत्रकं बरीच वाचतात.

चालू योजना सुधारायची आहे. सुरुवात कुठून करायची?

त्रुटीत निघालेल्या अर्जांच्या गठ्ठ्यापासून. पोर्टलच्या डॅशबोर्डवरून कळतं किती अर्ज परत गेले. का गेले, ते गठ्ठ्यात सापडतं. अलीकडचे १०० परत गेलेले किंवा नामंजूर अर्ज घ्या आणि कारणांनुसार पाच ढीग करा: खरोखर अपात्र; कागद कमी; नाव, जन्मतारीख किंवा खाते क्रमांक जुळत नाही; फोटो वा फाईल वाचता येत नाही; चुकीच्या योजनेत किंवा चुकीच्या टेबलावर आलेला. पहिल्या ढिगात धोरण आपलं काम करतंय. उरलेले चार ढीग रचनेतल्या चुकांचे आहेत, लोकांच्या चुकांचे नव्हेत. कोणता ढीग सर्वांत उंच, तिथून काम धरा.

त्यानंतर सहा-आठ अर्जदारांबरोबर प्रत्यक्ष फिरा. एका लांब कागदावर आडव्या ओळी आखा: अर्जदार, सेवा केंद्र चालक, तलाठी, तहसीलमधला कारकून, संगणक प्रणाली, बँक. डावीकडून उजवीकडे दिवस मांडा. काम कुठे चालू आहे आणि कुठे नुसतं पडून आहे, हे वेगवेगळ्या रंगांनी भरा. पडून राहण्याचा रंग बहुतेक दोन ओळींच्या मधल्या हस्तांतरात दिसतो. आवक नोंद झाली, पण पुढच्या टेबलावर फाईल पोचली नाही, असा.

किती लोकांशी बोलायचं? पाच जण म्हणजे फारच थोडे नाहीत का?

जेकब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेलं गणित असं: एका माणसाच्या चाचणीत साधारण ३१ टक्के अडचणी सापडत असतील, तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे पाच जण एका प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी, एकाच कामासाठी. सरकारी योजनेत किमान चार प्रकार असतात: स्वतः मोबाइलवर भरणारे, केंद्रावरून भरून घेणारे, ज्यांचा अर्ज मुलगा-सून-शेजारी भरतात ते, आणि पात्र असून अर्जच न केलेले. म्हणजे वीस माणसं. एकदम वीस नकोत. पाच जणांनंतर अर्ज दुरुस्त करा आणि मग पुढचे पाच घ्या.

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि कार्यालयात बसून तो कधीच भेटत नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई, रेशन दुकानदार यांना विचारा.

‘किती टक्के लोकांना अडचण येते’ याचं उत्तर मात्र पाच माणसांवरून काढू नका. त्यासाठी अर्जांचा गठ्ठा आहेच.

अर्जाची चाचणी नेमकी कशी घ्यायची?

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. सरकारी माणसासमोर सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी अर्ज हातात द्या आणि म्हणा, ‘मावशी, या ओळीत तुम्ही काय लिहाल ते मोठ्याने बोलत बोलत लिहा.’ मग गप्प बसा. मदत करायचा मोह आवरा. पेन जिथे थांबतं, ती जागा टिपून ठेवा.

‘कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न’ या एका ओळीवर काय होतं ते पाहा. मावशी विचारतात, ‘कुटुंब म्हंजे? मुलगा येगळा राहतो, पर रेशन कार्ड एकच हाये.’ अर्ज तिथे मुका असतो. मग ‘वार्षिक’. मजुरी आठवड्याला मिळते आणि पावसाळ्यात मिळतही नाही. वर्षाचा आकडा त्या कधी मांडतच नाहीत, म्हणून केंद्रचालक त्याच्या अंदाजाने एक आकडा टाकतो. एका ओळीत दोन अडथळे. पहिल्यावर उपाय ओळीखालीच द्यायचा: ‘एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांची कमाई धरा’ किंवा ‘रेशन कार्डावरच्या सगळ्यांची धरा’. नियमात जे असेल तेच, पण स्पष्ट. दुसऱ्यावर उपाय म्हणजे ‘महिन्याला साधारण किती दिवस काम, रोज किती’ असं विचारून गुणाकार प्रणालीने करणं.

आणखी एक ठरलेला सापळा म्हणजे नकारार्थी विधान आणि त्यापुढे हो/नाही. ‘माझ्या कुटुंबातील कोणीही आयकरदाता नाही: हो / नाही.’ कोणी आयकर भरत नसेल तर ‘हो’ निवडायचं की ‘नाही’? बोलताना आपण ‘नाही, कोणी भरत नाही’ असं म्हणतो, म्हणून माणूस ‘नाही’वर टिचकी मारतो आणि अपात्र ठरतो. ‘घरात कोणी आयकर भरतं का?’ असं सरळ विचारा आणि शेवटी उत्तरांचा गोषवारा वाचायला द्या: ‘तुम्ही सांगितलंत, की घरात कोणी आयकर भरत नाही. बरोबर?’

नाव जुळत नाही म्हणून सर्वांत जास्त अर्ज अडकतात. हे सुटेल का?

बरंचसं सुटतं. पण आधी मानावं लागेल की नाव ही एकाच साच्यात बसणारी गोष्ट नाही. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना अनेक महिलांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती. नाव द्यायला नकार दिल्यामुळे सुमारे २८ लाख महिला यादीतून वगळाव्या लागल्या. रकाना एक मागतो आणि समाज दुसरं सांगतो, तेव्हा भुर्दंड नेहमी माणसाला बसतो.

आज महाराष्ट्रात घोळ असे होतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत ‘सौ.’ लावून. आडनाव काही कागदांवर आधी, काहींवर शेवटी. सुनीता आणि सुनिता. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राने मराठी केलं की एकाच माणसाचा काळे, काले आणि कळे होतो. शिवाय १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. ज्या प्रणालीत तीनच खिडक्या आहेत, ती या मुलांसाठी आजच जुनी झाली.

उपाय, आमच्या पसंतीच्या क्रमाने: ‘पूर्ण नाव, आधारवर आहे तसं’ अशी एकच खिडकी द्या. नाव, मधलं नाव, आडनाव असे तुकडे करू नका. लगेच पुढचा प्रश्न: ‘दुसऱ्या एखाद्या कागदावर नाव वेगळं आहे का?’ आणि कारणाचे पर्याय: लग्नानंतर बदललं, अक्षरांत फरक, शब्दांचा क्रम वेगळा, फक्त आद्याक्षर. अक्षर किंवा क्रमाच्या फरकाला स्वयंघोषणापत्र पुरेसं धरा. पूर्ण नाव बदललं असेल तरच विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र मागा. तपासणीत शब्दांचा क्रम न बघता शब्द जुळवा. थोडक्यात हुकलेले अर्ज यंत्राने नामंजूर करू नयेत, ते माणसाच्या टेबलावर पाठवावेत.

आधार बँकेला जोडलंय, तरी पैसे येत नाहीत, ही तक्रार कशी हाताळायची?

इथे बँकेच्या दोन वेगळ्या गोष्टींना लोक, आणि पुष्कळदा कर्मचारीही, एकच नाव देतात. केवायसीसाठी खात्याला आधार क्रमांक लावणं वेगळं, आणि थेट लाभ (डीबीटी) त्या खात्यात यावा म्हणून एनपीसीआय या बँक-व्यवहारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीत, नोंद होणं वेगळं. एका आधारमागे मॅपरवर एकच बँक असते. नंतर दुसरीकडे खातं उघडताना संमतीच्या खिडकीवर टिचकी पडली असेल, तर पैसे तिकडे जातात. बाई बिचारी जुन्या बँकेत पासबुक भरून भरून थकते.

म्हणून संदेश बदला. ‘डीबीटी फेल: आधार नॉट सीडेड’ याचा कुणालाही उपयोग नाही. त्याऐवजी: ‘तुमचे पैसे परत आले आहेत. सरकारी पैसे घेण्यासाठी तुमचं कोणतंच खातं सुरू नाही. आधार कार्ड आणि पासबुक घेऊन तुमच्या बँकेत जा आणि “डीबीटीसाठी आधार सीडिंग” असा फॉर्म मागा. तो दिल्यावर हप्त्यासाठी पुन्हा अर्ज करायची गरज नाही.’ काय झालं, कुठे जायचं, काय न्यायचं, काय मागायचं, पुन्हा काय करायचं नाही. चांगल्या संदेशाचे हे पाच भाग. शेवटचा भाग सगळे विसरतात आणि माणूस घाबरून दुसरा अर्ज भरतो. मग ‘दुहेरी अर्ज’ म्हणून दोन्ही अडकतात.

सेवा केंद्रचालक हाही ‘वापरकर्ता’ धरायचा का?

तोच मुख्य वापरकर्ता आहे. ग्रामीण भागात एक केंद्रचालक दिवसभर तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरतो. त्याच्यासाठी मोठी चित्रं आणि स्वागताचं पान काही कामाचं नाही. त्याला कीबोर्डवरून पुढच्या खिडकीत जाता आलं पाहिजे, वीज गेली तरी अर्धा अर्ज जतन राहिला पाहिजे, फाईल किती केबीची हवी ते अपलोडच्या आधी दिसलं पाहिजे. फाईल मोठी असेल तर ती प्रणालीनेच लहान करावी. फोटो २० केबीत बसवण्याचं कौशल्य नागरिकाने का शिकायचं?

दुसरी बाजूही बघा. केंद्रचालकाचा मोबाइल क्रमांक अर्जात पडला की पुढचे सगळे एसएमएस त्याच्याकडे जातात आणि अर्जदाराला त्रुटीची खबरच लागत नाही. एकाच क्रमांकावर पाच-दहा अर्ज आले, तर प्रणालीने विचारलंच पाहिजे.

अर्जाची मराठी कशी असावी?

शासन निर्णयाची भाषा अर्जात आणू नका. ‘सदर योजनेंतर्गत उक्त लाभार्थ्याने विहित नमुन्यात’ याऐवजी ‘तुम्ही या नमुन्यात’. कायदेशीर शब्द टाळता येत नसेल, तर तो ठेवा आणि खाली एका ओळीत अर्थ द्या.

तांत्रिक बाजू दुर्लक्षित राहते. आकड्यांच्या खिडकीत कुणी ४४४६०१ असं देवनागरीत टाकलं, तर प्रणालीने ते निमूटपणे स्वीकारून आतल्या आत बदलावं. लाल रंगात ओरडू नये. ‘ॲ’ दोन पद्धतींनी लिहिला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखेच, पण शोधताना यंत्राला वेगळे. युनिकोड ही संगणकातली अक्षरांची प्रमाण पद्धत; तिचं नेहमीचं सामान्यीकरणही (सारखी अक्षरं एकरूप करणं) त्यांना एक करत नाही, जुळवणी वेगळी लिहावी लागते. ‘ऱ्या’सारख्या जोडाक्षरांतही न दिसणारी चिन्हं लपलेली असतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून आणलेल्या याद्यांत तर नावंच्या नावं मोडलेली सापडतात. त्या याद्या आधी माणसाने नजरेखालून घालाव्यात.

सगळं ऑनलाइन केलं की झालं, असं नाही का?

ऑनलाइन केल्याने काम नाहीसं होत नाही. पुष्कळदा ते फक्त सरकारी टेबलावरून नागरिकाच्या हातात जातं. ई-पीक पाहणी हे चांगलं उदाहरण. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवरून पिकाची नोंद आणि फोटो टाकायला सुरुवात झाली. ही नोंद आधी तलाठी गाव नमुना १२मध्ये करत. फायदा खरा आहे: आपल्या शेतात काय आहे ते शेतकरी स्वतः सांगतो, कुणाच्या मर्जीवर राहत नाही. पण नोंद राहिली तर नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या खरेदीत अडचण येते. साधा फोन असलेल्या, दिसत कमी असलेल्या किंवा गावापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा फटका जास्त. म्हणून काम सरकवताना मदतीची वाट तितकीच ठळक ठेवा. मदत घेऊन भरणाऱ्याला वेगळी फी नको आणि वेगळी मुदतही नको.

नुसती माहिती पुरत नाही, याचा पुरावा आहे. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना करविवरण भरायला आले असताना तिथल्या तिथे शिक्षण-मदतीचा अर्ज भरून दिला, तर मुलांचं कॉलेज प्रवेशाचं प्रमाण सुमारे आठ टक्केबिंदूंनी वाढलं. ज्यांना फक्त माहिती दिली, त्यांच्यात फरक पडला नाही. जनजागृतीच्या फ्लेक्सवर खर्च करण्याआधी हे आठवावं.

संदेशाचे शब्द बदलून खरंच फरक पडतो?

पडतो, पण आपल्या अंदाजाप्रमाणे नाही, म्हणून चाचणी. ब्रिटनमध्ये २०१३ साली वाहनकर भरल्यानंतरच्या पानावर अवयवदान नोंदणीच्या आवाहनाचे आठ नमुने दहा लाखांहून अधिक लोकांवर तपासले. ‘तुम्हाला अवयव लागला तर घ्याल ना? मग इतरांनाही मदत करा’ या अर्थाचा संदेश सर्वांत पुढे गेला. हसऱ्या माणसांच्या घोळक्याचा फोटो लावलेला नमुना काहीच न लावलेल्या पानापेक्षाही मागे पडला. आमच्याकडचे हसरे फोटो मात्र अजून प्रत्येक पोर्टलवर आहेत.

चाचणी शब्दांची, मांडणीची, वेळेची करा. कुणाचा लाभ रोखून प्रयोग करू नका.

कागद कमी केले तर बोगस लाभार्थी घुसतील, असं अधिकारी म्हणतात.

भीती रास्त आहे, हिशेब एकतर्फी आहे. चुकीने आत आलेले मोजले जातात, चुकीने बाहेर राहिलेले कुणी मोजत नाही. दोन्ही मोजा. अनेक दाखल्यांसाठी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकनाऐवजी स्वयंसाक्षांकन राज्याने २०१५ सालीच स्वीकारलं. त्यामागचा विचार सोपा: आधी विश्वास, मग ठरावीक टक्के अर्जांची पडताळणी, खोटं निघालं तर कारवाई. काही ठिकाणी अजून सवयीने शपथपत्र मागतात. ते डिझाइनचं अपयश आहे, कारण जुना छापील नमुना कुणी काढूनच टाकला नाही.

डिझाइनने काय सुटत नाही?

संजय गांधी योजनेतली उत्पन्नाची मर्यादा घ्या: वर्षाला २१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५०. मर्यादा वास्तवापासून इतकी दूर असली, की दाखल्यावरचा आकडा मर्यादेकडे बघून ठरू लागतो. अर्ज कितीही सुबक केला तरी हे बदलत नाही. असं काही सापडलं तर अहवालात पहिल्या पानावर लिहा, परिशिष्टात नको. निधीच नसेल किंवा तलाठ्याकडे चार गावं असतील, तेही तसंच.

यश कशाने मोजायचं?

पोर्टलला किती भेटी, किती नोंदणी, हे आकडे बाजूला ठेवा. पहिल्याच खेपेत बरोबर ठरलेले अर्ज किती टक्के, हेलपाटे किती, बुडालेली मजुरी, झेरॉक्स आणि गाडीभाडं धरून अर्जदाराचा खर्च किती, पहिल्या प्रयत्नापासून खात्यात पैसे येईपर्यंत दिवस किती.

‘पहिल्या प्रयत्नापासून’ हे मुद्दाम. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून खिडकीवरूनच परत केला, तर घड्याळ सुरूच होत नाही आणि कागदावर सगळं वेळेत दिसतं. परत केलेल्या प्रत्येक अर्जालाही पोच आणि कारण द्या, म्हणजे हा काळ मोजला जाईल.

अपंग व्यक्तींसाठी वेगळं पान करावं का?

नाही, तेच पान सगळ्यांना चाललं पाहिजे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ आहेच, आणि एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१खालच्या हक्काचा भाग मानला. तो खटला अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ई-केवायसीत ‘डोळे मिचकावा’ असं सांगितलं जातं, यावरूनच उभा राहिला. बोटांचे ठसे झिजलेल्या शेतमजुराचाही प्रश्न तोच आहे. ओळख पटवण्याचा एकच मार्ग ठेवू नका.

निविदेत काय लिहावं?

‘पोर्टल विकसित करणे, ४० स्क्रीन’ असं लिहिलंत तर ४० स्क्रीनच मिळतील. देयकाचा एक टप्पा चाचणीला बांधा: दहा खऱ्या अर्जदारांपैकी आठ जणांनी मदतीशिवाय अर्ज पूर्ण करावा. सुरू झाल्यावरच्या सहा महिन्यांच्या दुरुस्त्या आधीच धरा. शासन निर्णयाला शुद्धिपत्रक येतंच.

मी तालुक्याला आहे. शासन निर्णय बदलणं माझ्या हातात नाही. काय करू?

बरंच काही. भरलेल्या अर्जाचा नमुना मोठा करून रांगेजवळ, खिडकीच्या आधी लावा. खिडकीवर पोचल्यावर कळून उपयोग नाही. रांग सुरू होते तिथे एक माणूस सकाळचे दोन तास बसवा, त्याने फक्त कागद तपासून चिठ्ठी द्यायची. त्रुटी सांगताना तोंडी सांगू नका. छापील चिठ्ठीवर खूण करा: कोणता कागद, कुठे मिळेल, किती वाजेपर्यंत. सगळ्या त्रुटी एकदाच सांगा. आज एक, पुढच्या वेळी दुसरी, असं नको. तलाठी गावात कोणत्या वारी असतात, ते त्याच चिठ्ठीच्या मागे छापा. आणि दर महिन्याला तो पाच ढिगांचा हिशेब करून आकडे वरच्या कार्यालयाला कळवा. ‘या अटीमुळे इतके पात्र लोक परत गेले’ असं वाक्य पुढच्या शुद्धिपत्रकाच्या टिपणीत जसंच्या तसं वापरता येतं.